प्रत्येकी तीन मिनिटं

अंडी उकडायचं घड्याळ मी घरून नेलं होतं,
कोंबडीच्या आकाराचं. दुसरं काही मिळालं नाही.
प्रत्येकी तीन मिनिटं. कोंबडी वाजली की खाली बसायचं.

सुपीरियर सरोवराच्या काठचं आमचं गाव,
वाचनालयाचं तळघर, एकशे अकरा माणसं,
कॉफी पहिल्या वीस मिनिटांतच संपलेली.
ठराव एका ओळीचा:
एकवीस फुटांखालच्या बोटीत, बोट पाण्यावर असेपर्यंत,
लाइफ जॅकेट अंगात हवं.
नुसतं बोटीत नव्हे. अंगात.

मी टिपण लिहिते. मला मत विचारत नाहीत.

आर्व्हो निएमेला आधी उठला.
माझ्या बापानं याच पाण्यात जाळी टाकली, म्हणाला,
त्याला बक्कल लावायला कुणी शिकवलं नाही.
उद्या म्हणाल, आंघोळीच्या टबाला परवाना काढा.
मी लिहिलं: हशा.
ज्याला पाणी कळतं त्याला कायदा कशाला,
आणि ज्याला कळत नाही
तो कायदा तरी कुठे वाचतोय?
मी लिहिलं: टाळ्या.

मग डेप्युटी कॅरल ट्रेम्ब्ले, गणवेशात, हातात एकच कागद.
मे महिन्यात हवा पंचवीस अंश, पाणी चार.
पडलात की पहिलं मिनिट श्वास सावरण्यात जातं.
पुढची दहा मिनिटं बोटं तुमचं ऐकतात.
त्यानंतर हृदय तासभर चालू शकतं,
पण तोवर तोंड पाण्याच्या वर राहायला
कोंबडी वाजली.
ती वाक्य तिथेच टाकून खाली बसली.

डेल्फीन गोकी म्हणाली, आम्ही रानतांदूळ झोडायला होडीतून जातो.
दोन काठ्या, दोन हात, पाणी कंबरभर.
त्या फुगीर जॅकेटात कोपर वळत नाही.
आणि हे पाणी
तुमच्या ठरावाच्या आधीपासून
आमच्या करारात आहे.
तिचं एक मिनिट उरलं. तिनं ते तसंच राहू दिलं.

बोटी भाड्यानं देणारा सिकिला दंड कुणाच्या माथी ते विचारत होता,
त्याचंच उत्तर तोच देत होता,
तेवढ्यात मागच्या बुटक्या बाकावरून,
मुलांच्या गोष्टींच्या कपाटाजवळून,
लेम्पी हार्यू उठली.

जॅकेट होतं, म्हणाली.
टोइव्होच्या बोटीतच होतं. सीटखाली,
दुकानाच्या पिशवीत, किमतीच्या चिठ्ठीसकट.
म्हणजे कायद्यानं सगळं बरोबर होतं.
मी ठरावाच्या बाजूची नाही. विरोधातली नाही.
पण त्या सकाळी धक्क्यावर कुणी त्याला पकडलं असतं,
पावती फाडली असती,
तर तो तणतणत घरी आला असता,
सरकारला शिव्या, डेप्युटीला शिव्या,
भाजी अळणी म्हणून मला.
ते ऐकायचं होतं मला.

ती उभीच राहिली.
कोंबडी वाजायच्या आत मी ती मांडीवर घेतली
आणि दोन्ही हातांनी दाबून धरली.
ती तळव्यांत थरथरत राहिली.
टिपणात लिहिलं: श्रीमती हार्यू, तीन मिनिटं.
माझ्या हातून झालेली ही पहिलीच खोटी नोंद.

आर्व्हो वर बघत नव्हता.
गळ टाकून टोइव्होला वर काढणारा तोच होता.
टोपी गुडघ्यावर ठेवून
तो तिची शिवण नखानं उसवत बसला.

ठराव सप्टेंबरवर ढकलला,
तोवर बोटी पाण्याबाहेर असतील.
खुर्च्या आम्हीच रचल्या.

रविवारी पहाटे मी धक्क्यावर होते.
आर्व्हो आला, अंगात चौकड्यांचा शर्ट, बाकी काही नाही.
त्याची म्हातारी कुत्री पुढे.
वाकायला त्याला वेळ लागला.
त्यानं तिच्या पोटाखालून पट्टा घेतला,
एक बक्कल, मग दुसरं,
ओढून पाहिलं, पुन्हा ओढलं.

मला पाहून त्यानं फक्त हनुवटी हलवली.
मोटार तिसऱ्या झटक्याला लागली.
बंधाऱ्यापलीकडे आधी त्याचा शर्ट पाण्याच्या रंगात गेला,
मग बोट.
नारिंगी ठिपका तेवढा
बराच वेळ दिसत होता.